शाळा निवडतं कोण? चिलीचं व्हाउचर आणि आपलं २५ टक्के

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखलेल्या २५ टक्के मोफत जागांच्या, अर्जांचे दिवस आले की नवी मुंबईत दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअर भागातल्या झेरॉक्सच्या दुकानांवर संध्याकाळी गर्दी होते. जन्मदाखला, भाडेकरार, उत्पन्नाचा नाहीतर जातीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले आईबाप उभे असतात. अर्ज भरून देताना बहुतेक जण एकच विचारतात, "नंबर लागेल ना?" पण अधूनमधून कोणीतरी त्याच्या पुढचं विचारतं: "सरकार काही पोरांची फी भरतंच, मग सगळ्यांचीच भरावी की. ज्याला जी शाळा पाहिजे ती तो घेईल. लॉटरी कशाला पाहिजे?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. कारण एका देशाने हे देशभर करून पाहिलं आहे आणि त्याला चाळीस वर्षं उलटून गेली आहेत. तो देश म्हणजे चिली. तिथे काय झालं ते समजून घेतलं, तर आपल्या २५ टक्क्यांच्या नियमात राखण्यासारखं काय आहे आणि अपुरं काय आहे, हे दोन्ही दिसतं.

मुलामागे पैसा

चिली हा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा लांबच लांब, चिंचोळा देश. सगळ्या देशाची लोकसंख्या आपल्या मुंबई महानगर प्रदेशापेक्षाही थोडी कमी. ११ सप्टेंबर १९७३ रोजी तिथे लष्कराने सत्ता बळकावली आणि जनरल पिनोशे यांची हुकूमशाही सुरू झाली. त्यांच्या सरकारात शिकागो विद्यापीठात शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांचा शब्द चालत असे. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडलेली शालेय व्हाउचरची, म्हणजे सरकारी पैसा मुलाबरोबर त्याच्या शाळेकडे जाण्याची, कल्पना या मंडळींनी १९८१ मध्ये प्रत्यक्षात आणली.

बदल दोन होते. सरकारी शाळा केंद्राच्या ताब्यातून काढून नगरपालिकांकडे दिल्या गेल्या आणि तिथल्या शिक्षकांचा सरकारी नोकरीचा दर्जा गेला. दुसरा बदल याहून मोठा होता. तोवर सरकार शाळा चालवायला पैसे देत होतं, आता ते मुलामागे देऊ लागलं. मूल नगरपालिकेच्या शाळेत गेलं तर पैसे तिला आणि खासगी शाळेत गेलं तर खासगी शाळेला, रक्कम दोन्हीकडे सारखीच. तीही नुसत्या पटावर नाही, तर सरासरी हजेरीवर मोजलेली. खासगी शाळा काढणाऱ्याला नफा कमवायलाही मोकळीक होती.

आपल्याकडे अनुदानित शाळेत संस्था खासगी असते आणि शिक्षकांचा पगार सरकार देतं. म्हणजे आपलं सरकार मंजूर पदांचे पगार भरतं. चिलीत सरकार मुलं मोजून संस्थाचालकाला रक्कम देतं, पुढचा हिशेब त्याचा त्याने करायचा.

यामागचा विचार ऐकायला पटणारा आहे. पालक चांगली शाळा निवडतील, वाईट शाळेचा पट घसरेल, पैसा कमी पडला की ती सुधारेल किंवा बंद होईल. गरीब आईबापाच्या हातातही निवड येईल. निवडीची ओढ किती खरी असते हे अर्जाच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

झालं असं. १९८१ च्या सुमारास चिलीतली शंभरातली ७८ मुलं सरकारी शाळेत होती. पुढच्या तीन दशकांत हे प्रमाण चाळिशीच्याही खाली आलं. निम्म्याहून जास्त मुलं अनुदान घेणाऱ्या खासगी शाळांत गेली. शंभरातली सात-आठ मुलं पूर्ण फीच्या खासगी शाळांत होती, ती तिथेच राहिली. एवढी मोठी हलवाहलव झाल्यावर देशाचं शिक्षण सरसकट सुधारायला हवं होतं. चांग-ताई शेह आणि मिगेल उर्किओला या अर्थतज्ज्ञांनी १९८० आणि ९० च्या दशकांची आकडेवारी तपासली, तेव्हा सरासरी निकाल सुधारल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. एक गोष्ट मात्र ठळक दिसली: बऱ्या परिस्थितीतली मुलं सरकारी शाळांतून निघून गेली होती आणि मुलांची वर्गवारी वाढली होती.

असं का झालं

सगळ्या विषयाची मेख इथे आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

एखाद्या शाळेला आपलं नाव मोठं करायचं आहे. तिच्यापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे आलेल्या प्रत्येक मुलाला उत्तम शिकवायचं. त्याला चांगले शिक्षक लागतात, वेळ लागतो आणि मागे पडलेल्या मुलासाठी जास्तीचे कष्ट लागतात. दुसरी वाट म्हणजे शिकवायला सोपी मुलंच आत घ्यायची. ज्याची आई पदवीधर आहे, घरी पुस्तकं आहेत, अभ्यासाला टेबल आहे, असं मूल घेतलं की निकाल आपोआप चांगला लागतो. ही वाट फार स्वस्त आहे. नियम आडवा आला नाही तर बहुतेक शाळा तीच धरतात, आणि त्यासाठी संस्थाचालक दुष्ट असायची गरज नसते.

चिलीत नियम आडवा आला नाही. खासगी शाळा मुलांची चाचणी घेत, आईवडिलांची मुलाखत घेत, आधीचे गुण बघत. काही शाळा आईवडिलांच्या लग्नाचा दाखला मागत, काही धार्मिक शाळा मुलाच्या बाप्तिस्म्याचा. व्हाउचर पालकाच्या नावाने होतं, पण निवडत होती शाळा. नगरपालिकेच्या शाळेला असं करता येत नव्हतं, दारात येईल त्याला तिने घ्यायचं.

त्यात १९८८ पासून 'सिम्से' नावाची देशव्यापी चाचणी सुरू झाली आणि ९० च्या दशकात शाळावार निकाल जाहीर होऊ लागले. पालकांना माहिती मिळावी हा हेतू चांगलाच होता. पण शाळेच्या गुणांत शिकवण्याचा वाटा किती आणि मुलाने घरून आणलेल्याचा किती, हे त्या आकड्यावरून कळत नव्हतं. जास्त गुणांच्या शाळेकडे रीघ लागली, रीघ लागली म्हणून तिला आणखी निवडून घेता आलं आणि गुण आणखी वाढले.

१९९३ मध्ये, म्हणजे लोकशाही परतल्यावर, अनुदानित खासगी शाळांना सरकारी रकमेवर पालकांकडून वरची फी घेण्याची मुभा मिळाली. मला ही सगळ्यात घातक पायरी वाटते. महिना थोडे पैसे देऊ शकणारे एका शाळेत, त्याहून थोडे जास्त देणारे दुसऱ्या शाळेत, काहीच न देऊ शकणारे नगरपालिकेच्या शाळेत. मोलकरणीचं मूल आणि कारकुनाचं मूल एका बाकावर बसण्याची शक्यताच मावळली. गरीब-श्रीमंत एवढे दोनच गट उरले नाहीत, ऐपतीच्या प्रत्येक पायरीची वेगळी शाळा झाली.

मागे उरलेल्या सरकारी शाळेचं काय झालं, तेही पाहू. समजा वर्गात ४० मुलं होती, ८ निघून गेली. पैसे आठांचे गेले. पण वर्ग एकच, शिक्षक एकच, त्याचा पगार तोच, पावसात गळणारं छप्परही तेच. खर्च मुलांच्या प्रमाणात कमी होत नाही, उत्पन्न मात्र होतं. शिवाय निघून गेलेली मुलं सहसा अशा घरांतली असतात, जिथले पालक सभेला येतात, मुख्याध्यापकांना जाब विचारतात. म्हणजे पैशाबरोबर शाळेचा आवाजही जातो. आपल्याकडे शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळांचं जे होतं ते याच जातीचं. संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळणार ते, पटावर ठरते, पट घटला की शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला की उरलेले पालकही मूल काढून नेतात.

पेंग्विन रस्त्यावर आले

पिनोशे यांनी सत्ता सोडली ११ मार्च १९९० रोजी. त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी एक शिक्षण कायदा जाहीर केला, जो सहजासहजी बदलता येऊ नये अशी घटनात्मक तजवीज होती. तो २००९ पर्यंत टिकला.

२००६ मध्ये शाळकरी मुलांनीच त्याला आव्हान दिलं. पांढरा शर्ट आणि गडद कोट या गणवेशामुळे चिलीत शाळकरी मुलांना 'पेंग्विन' म्हणतात. मागण्या आधी साध्या होत्या: बसपास फुकट द्या, विद्यापीठ प्रवेश परीक्षेची फी माफ करा. बघता बघता मुलं मुळाशी गेली. तो कायदा रद्द करा आणि शाळा नगरपालिकांकडून काढून घ्या, असं पंधरा-सोळा वर्षांची पोरं सांगू लागली. देशभर शाळा बंद पडल्या, मुलांनी इमारती ताब्यात घेतल्या, सरकारला शिक्षणमंत्री बदलावा लागला. २०११ मध्ये विद्यापीठांतल्या मुलांनी पुन्हा असंच आंदोलन केलं. त्याच्या नेत्यांपैकी गाब्रिएल बोरिक २०२२ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

या दबावाखाली दोन महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या.

पहिली २००८ ची. गरीब मुलामागे शाळेला सरकारने नेहमीपेक्षा बरीच जास्त रक्कम द्यायची, ढोबळमानाने दीडपट. अट अशी की जी शाळा ही रक्कम घेईल तिने त्या मुलाकडून वरची फी घ्यायची नाही, गुण बघून त्याला नाकारायचं नाही आणि शाळा सुधारण्याचा आराखडा द्यायचा. यामागची जाण फार खोल आहे. गरीब मुलाला शिकवायला खर्च जास्त येतो, कारण घरून मिळणारी मदत शाळेला भरून काढावी लागते. रक्कम सगळ्यांना सारखी दिली, तर शाळेच्या हिशेबात गरीब मूल कायम तोट्याचं ठरणार. जास्त दिली तर तेच मूल शाळेला हवंसं होतं. या कायद्यानंतर गरीब आणि सुस्थित मुलांच्या गुणांमधलं अंतर कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं. त्याचं श्रेय पैशाला किती, अटींना किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

दुसरी दुरुस्ती २०१५ च्या समावेशन कायद्याची. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांसाठी तीन गोष्टी संपवायच्या: नफा, वरची फी आणि मुलांची निवड. प्रवेश आता एका देशव्यापी संगणकीय यंत्रणेतून होतात. पालक आपल्या पसंतीच्या शाळा क्रमाने लिहितात. जागा पुरल्या तर सगळ्यांना प्रवेश. कमी पडल्या तर सख्खी भावंडं, काही राखीव प्रमाणात गरीब मुलं, शाळेच्या कर्मचाऱ्यांची मुलं असा प्राधान्यक्रम आणि बाकीच्यांची चिठ्ठी. मागायानेस या दक्षिण टोकाच्या प्रांतात सुरुवात करून ही पद्धत टप्प्याटप्प्याने राजधानी सांतियागोपर्यंत आणली गेली.

यावर तिथले मध्यमवर्गीय पालक रागावले. 'आमच्या मुलाचं भविष्य सोडतीवर कसं टाकता?' हा सवाल तिथेही झाला. १८१३ मध्ये स्थापन झालेली 'इन्स्टिट्यूटो नासिओनाल' ही सांतियागोतली नामांकित सरकारी शाळा परीक्षा घेऊन मुलं निवडत असे आणि साध्या घरातली अनेक हुशार मुलं तिथून पुढे गेली. ती वाट का बंद केली, ही तक्रार अजून धुमसते आहे. मला ही तक्रार समजते. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाची हुशारी मोजताना आपण बऱ्याचदा त्याच्या घरची परिस्थितीच मोजत असतो.

आपलं २५ टक्के वेगळं कुठे

आता इकडे येऊ. ८६ व्या घटनादुरुस्तीने २००२ मध्ये ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्यासाठीचा कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. कलम १३ नुसार देणगी घेणं आणि प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी लावणं, दोन्हींना बंदी आहे. चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड.

चिलीला जे शिकायला ३४ वर्षं लागली ते, म्हणजे निवड नाही, वरची फी नाही आणि जागा कमी पडल्या तर सोडत, आपल्या कायद्यात या मुलांपुरतं पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे. हे आपल्याकडे फारसं कोणी बोलून दाखवत नाही.

आणखी एक फरक आहे आणि तो मला त्याहून मोठा वाटतो. चिलीचे नियम सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांनाच लागू आहेत. पूर्ण फीच्या शाळा, जिथे देशातल्या सगळ्यात श्रीमंत घरांची मुलं शिकतात, त्या या व्यवस्थेच्या बाहेर आहेत. सांतियागोच्या लास कोंदेस किंवा विताकुरातल्या अशा शाळेला एकही गरीब मूल घ्यावं लागत नाही. आपला कायदा मात्र घोडबंदर रोडच्या आणि पाम बीच रोडच्या महागड्या शाळेचंही दार वाजवतो. तिने सरकारकडून कधी एक रुपया घेतला नसला तरी. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ च्या निकालात हे कलम वैध ठरवलं.

मग अडतं कुठे?

आधी पैशाचं बघू. सरकारचा प्रतिमुलामागचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली कमी असेल ती रक्कम शाळेला परत मिळते. महाराष्ट्रात कमाल मर्यादा वर्षाला १७,६७० रुपये राहिली, करोनाकाळात तर ती ८,००० वर आणली होती. ठाणे-नवी मुंबईत वर्षाची फी लाखाच्या घरात असलेल्या शाळा पुष्कळ आहेत. म्हणजे चिलीत गरीब मूल शाळेला जास्त पैसे घेऊन येतं, आपल्याकडे कमी घेऊन येतं, आणि तेही उशिरा, कारण परताव्याची थकबाकी वर्षानुवर्षं रखडते. छोट्या फीच्या शाळांना ही थकबाकी खरोखर जड जाते. त्यांचं रडगाणं म्हणून ते उडवून लावू नये. मोठ्या शाळांच्या बाबतीत मात्र एक तरतूद पालकांनी लक्षात ठेवावी: जमीन सवलतीत घेताना काही मुलांना मोफत शिकवण्याची अट शाळेने मान्य केली असेल, तर तेवढ्या मुलांपुरता परतावा तिला मागताच येत नाही. सिडकोच्या भूखंडांवर शाळा उभ्या असलेल्या शहरात ही तरतूद नुसती वाचायची नसते.

मग येतात कागद. दुर्बल घटकासाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये. महिन्याला साधारण ८,३०० रुपये. नवी मुंबईत सोसायटीचा वॉचमन याहून जास्त कमावतो, आणि त्याची बायको चार घरची धुणीभांडी करत असेल तर दोघांचं मिळून उत्पन्न मर्यादेच्या कितीतरी पुढे जातं. तरी ते कुटुंब दहा बाय दहाच्या खोलीत राहतं आणि खासगी शाळेची फी त्याला परवडत नाही. वंचित गटाला, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्गीय, दिव्यांग मुलं यांना, उत्पन्नाची अट नाही, पण जातीचा दाखला लागतो. मराठवाड्यातून किंवा उत्तर प्रदेशातून खदानीवर, नाक्यावर कामाला आलेल्या माणसाकडे तो नसतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि झोपडपट्टीतला घरमालक तो करून देत नाही.

मॉरिसिओ रोमेरो आणि अभिजीत सिंग यांनी छत्तीसगडमधल्या या जागांचा अभ्यास केला. सोडतीत नंबर न लागलेली बहुतेक मुलं नंतर फी भरून कुठल्या ना कुठल्या खासगी शाळेतच गेली होती, असं त्यांना दिसलं. म्हणजे अर्जाच्या रांगेपर्यंत पोचणारेच मुळात थोडे सावरलेले होते. अगदी तळाचा माणूस रांगेतच नव्हता. यात नंबर लागलेल्यांचा काही दोष नाही, अर्जाची वाट सोपी करायला हवी.

महाराष्ट्रात दरवर्षी साधारण एक लाख जागा असतात आणि अर्ज अडीच-तीन लाख, कधी त्याहूनही जास्त. घरापासून १ किलोमीटरच्या आतल्या अर्जांना आधी संधी, मग ३ किलोमीटरपर्यंत. ठाणे-बेलापूर रस्त्याने दिघ्याहून तुर्भ्याकडे जाताना डाव्या हाताला एमआयडीसी आणि डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्या आहेत: इलठणपाडा, यादवनगर, चिंचपाडा. उजव्या हाताला रेल्वेरूळ आणि त्यापलीकडे सिडकोने आखलेली सेक्टरं. शाळांचे बरेचसे भूखंड या उजव्या अंगाला. नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारी शाळा सहा वर्षांच्या मुलाला गाठायची तर मध्ये वाहता रस्ता आणि रूळ असतात. रिक्षाचा किंवा व्हॅनचा खर्च कोणी परत देत नाही. पुस्तकं, गणवेश, स्नेहसंमेलनाचे पैसेही बऱ्याच पालकांना भरावे लागतात.

शिवाय अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हे कलम लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०१४ च्या निकालानंतर त्या पूर्णपणे कायद्याबाहेर आहेत. धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा ठाणे आणि नवी मुंबई या आपल्या दोन्ही शहरांत कमी नाहीत आणि त्यांतल्या काही तर पालकांच्या यादीत सगळ्यात वर असतात.

एक किलोमीटरचा वाद

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या १ किलोमीटर परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांतून सूट. शहरात १ किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही अशी जागा शोधावी लागते, त्यामुळे ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक खासगी शाळा एका फटक्यात मोकळ्या झाल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला, कारण मूळ कायद्याने दिलेलं राज्याच्या नियमाने काढून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

सरकारच्या बाजूने एक युक्तिवाद होता: जवळ सरकारी शाळा असताना खासगी शाळेला पैसे का मोजायचे? तो पैसा सरकारी शाळेत घालावा. निव्वळ जमाखर्चाच्या दृष्टीने यात तथ्य आहे. पण २५ टक्क्यांचा नियम जागा पुरवण्यासाठी केलेलाच नाही. वेगवेगळ्या थरांतली मुलं एका वर्गात वाढावीत यासाठी तो आहे.

याला पुरावाही आहे. दिल्लीतल्या महागड्या शाळांमध्ये असा नियम २००७ पासून लागू झाला होता. गौतम राव या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या सुखवस्तू मुलांचा अभ्यास केला. गरीब मुलांसोबत शिकलेली ही मुलं जास्त उदार होती आणि गरिबांशी भेदभाव कमी करत होती. त्यांच्या एकूण अभ्यासावर फारसा वाईट परिणाम दिसला नाही, इंग्रजीच्या गुणांत थोडी घट होती. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'त्या मुलांमुळे वर्ग बिघडतो' असं लिहिणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर पाहावा. तरीही आजही काही ठिकाणी या मुलांना 'आरटीईवाले' म्हणून हाक मारली जाते आणि सहलीच्या दिवशी वेगळं काढलं जातं. हे ऐकलं की मनस्ताप होतो.

पालिकेची शाळा आणि पालिकेची तिजोरी

चिलीकडून घ्यायचा आणखी एक धडा आहे आणि तो २५ टक्क्यांच्या बाहेरच्या मुलांचा आहे. ती संख्येने कितीतरी जास्त आहेत.

१९८१ मध्ये शाळा नगरपालिकांकडे गेल्या तेव्हा सगळ्या नगरपालिका सारख्या नव्हत्या. चिलीत ३४५ नगरपालिका आहेत. लास कोंदेससारखी श्रीमंत नगरपालिका मुलामागच्या सरकारी रकमेत स्वतःची भर घालू शकत होती, ला पिंतानासारखी गरीब नगरपालिका शिक्षकांचे पगार वेळेवर देताना धापा टाकत होती. २०१७ च्या कायद्याने या शाळा नगरपालिकांकडून काढून देशभरातल्या ७० स्थानिक शिक्षण सेवांकडे सोपवायचं ठरलं. हे हस्तांतर संथ चाललं आहे आणि काही भागांत त्यात गोंधळही झाला. मोडलेली सरकारी व्यवस्था परत उभी करायला ती मोडण्याहून जास्त काळ लागतो.

आपल्या जिल्ह्यात हा फरक डोळ्यांसमोर आहे. नवी मुंबई महापालिकेकडे पैसा आहे. तिने आपल्या शाळांत तो घातला, सीवूड्स आणि कोपरखैरणेला सीबीएसई अभ्यासक्रमाच्या शाळा काढल्या आणि त्यांच्यासाठी जागांपेक्षा जास्त अर्ज येतात. सरकारी शाळेकडे पालक पाठ फिरवतात असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे. पण त्याच ठाणे जिल्ह्यात, लोकलने दोन तासांवर, शहापुरातल्या पाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा एका-दोघा शिक्षकांवर चालते. मुलाने कुठल्या हद्दीत जन्म घ्यावा यावर त्याची शाळा ठरते. चिलीने श्रीमंत आणि गरीब नगरपालिकांतलं हे अंतर मिटवायला कायदा केला, आपल्याकडे शहापूर आणि सीवूड्स यांची तुलनाही कोणी मांडत नाही.

अर्ज भरणाऱ्या पालकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगायला हवी. चिलीत २००३ पासून बारावीपर्यंतचं शिक्षण सक्तीचं आहे आणि मुलामागचा सरकारी पैसाही बारावीपर्यंत येतो. आपला हक्क १४ वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ३ ते १८ वयाची भाषा आहे, पण २५ टक्क्यांच्या कलमात बदल झालेला नाही. त्यामुळे आठ वर्षं एका शाळेत काढलेल्या मुलाच्या घरी नववीला पूर्ण फीचा कागद येतो. काही शाळा सवलत देतात, बऱ्याच देत नाहीत. ज्यांचं मूल आता सातवीत आहे त्यांनी नववीपासून फी किती लागेल हे शाळेला आत्ताच लेखी विचारावं. जवळच्या अनुदानित आणि महापालिकेच्या माध्यमिक शाळांत नववीच्या जागा आहेत का तेही पाहून ठेवावं. मूल सीबीएसईच्या शाळेत असेल तर निर्णय आठवी संपण्याआधी घ्यावा, कारण बोर्डाची नोंदणी नववीतच होते आणि वर्ष मध्यावर आल्यावर शाळा बदलणं फार अवघड जातं.